एकशे साठ पौंड सोयाबीन

लाइल वोंद्राला स्वप्नातले आकडेसुद्धा वीसच्या पटीत पडत. कोणी म्हणेल यात काय विशेष, पण ज्या माणसाने ब्रेनोव्हच्या सहकारी धान्यकोठारात एकतीस वर्षं वजनकाट्याच्या खिडकीत काढली त्याचं दुसरं काय होणार? तो काटा मक्याने भरलेले ट्रक तोलायचा. वीस पौंडांच्या आतलं त्याला काही दिसतच नसे. वीस, चाळीस, साठ; मधल्या गोष्टी देवाला माहीत. लाइलने संसारही साधारण त्याच हिशेबाने केला होता, आणि बेचाळीस वर्षांत तो फारसा चुकला नव्हता.

जून महिन्यात त्याच्या अंगणात तीस फुटी पांढरा ट्रेलर येऊन उभा राहिला. हा ट्रेलर पिकअपच्या मागे दोरीला बांधलेल्या गाईसारखा निमूट चालणारा नव्हता. त्याची मान उंच होती आणि ती पिकअपच्या पाठीवर, मधोमध, लोखंडी बैठकीत टेकायची. गावात त्याला फिफ्थ व्हील म्हणत. आत पलंग होता, शेगडी होती, आणि मागच्या टोकाला आर्लिसच्या पसंतीचं स्वयंपाकघर. अंगणापलीकडे लगेच मक्याचं शेत सुरू होई, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटे की हिरव्या पाण्यात एखादी बोट नांगर टाकून उभी आहे.

आर्लिसला तर तो बोट म्हणूनच हवा होता. ती सदुसष्ट वर्षांची झाली होती आणि तिने समुद्र पाहिला नव्हता. नेब्रास्कात यात लाजण्यासारखं काही नाही. सप्टेंबर आला की मका यायचा, मका आला की लाइल खिडकीत बसायचा, तो उठायचा तेव्हा बर्फ पडलेलं असायचं. असे एकतीस सप्टेंबर गेले. आता लाइल निवृत्त होता आणि ओरेगॉनच्या किनाऱ्यावर, ट्रेलरवाल्यांच्या एका तळावर, एकेचाळीस नंबरची जागा चार सप्टेंबरपासून सहा दिवस त्यांच्या नावावर होती. त्या जागेतून खिडकी उघडली की समोर फक्त पाणी, असं आर्लिसने फोनवर तीन वेळा विचारून घेतलं होतं.

दुपारी दोघं जण त्या न हलणाऱ्या ट्रेलरमध्ये जाऊन कॉफी पीत. बस्टर नावाचा त्यांचा जाडजूड कुत्रा दारात आडवा पडे. वारा सुटला की मका सळसळे, आणि आर्लिस डोळे मिटून घेई.

"समुद्राचा आवाज असाच असेल का रे?"

"मला काय माहीत. मी मकाच ऐकलाय."

"पण असेल असाच, नाही?"

"असेल," लाइल म्हणे, आणि त्याचेही डोळे मिटत. पिकअपच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की ही गाडी एकोणीस हजार पौंड ओढते. ट्रेलर होता अकरा हजारांचा. म्हणजे आठ हजार पौंड शिल्लक. त्या शिल्लकेवर लाइल रोज दुपारी गादीवर पडावं तसा निवांत पडून राही.

ही गादी खालून काढून घेतली ड्वेन सोबोत्काने.

ड्वेन हा शेजारी. त्याचे तीन ट्रेलर वापरून झाले होते, त्यामुळे चौथ्याबद्दल बोलण्याचा हक्क आपोआप आपल्याकडे आहे अशी त्याची समजूत होती. तो जर्दाळूच्या सारणाचा गोड पाव, म्हणजे कोलाची, खात खात अंगणात आला, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, आणि पिकअपपाशी थांबला.

"दार उघड."

"कशाला?"

"उघड तर खरं."

लाइलने दार उघडलं. दाराच्या चौकटीवर, जिथे चिखलाची बोटं लागतात तिथे, एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती. ड्वेनने कोलाचीचा तुकडा गिळला आणि शाळेत कविता म्हणावी तसं वाचलं. "माणसं आणि सामान मिळून दोन हजार चारशे वीस पौंडांच्या वर जाता कामा नये."

"ते सामानाचं. मी ट्रेलर ओढणार आहे."

"ओढणार आहेस, बरोबर. पण त्याची मान कुठे टेकणार? पाठीवर. पाचवा हिस्सा तर तू उचलून चालवणार आहेस, लाइल. ओढायला बैल आहेस रे, पण हमाल म्हणून तू अगदीच बेताचा."

लाइल पट्टीकडे बघत राहिला. ड्वेनने हात झटकले.

"मला काय, तू जा. साठ पौंड इकडेतिकडे झाले तर कोण बघतंय?"

साठ हा आकडा त्याने सहज उच्चारला नव्हता. एका सप्टेंबरात ड्वेनचा ट्रक रस्त्याच्या मर्यादेपेक्षा साठ पौंड जास्त भरला होता, तेव्हा लाइलने खिडकीतून नुसतं फावडं बाहेर दिलं होतं. मागे अकरा ट्रक उभे होते. ड्वेनने सगळ्यांदेखत साठ पौंड मका उपसला. त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. फावडं परत मिळालं, पण ते साठ पौंड ड्वेनने जपून ठेवले होते.

तेव्हा नुसतं समुद्राला जाणं आता पुरेसं नव्हतं. मर्यादेत राहून जायला हवं होतं, नाहीतर एकतीस वर्षांच्या फावड्यांचा अर्थच उरत नव्हता.

लाइलने आधी पिकअपच्या कंपनीला फोन केला. पाऊण तास त्याला व्हायोलिन ऐकवल्यावर एक बाई आल्या.

"ओढण्याची क्षमता एकोणीस हजार आहे, सर."

"ते मला माहीत आहे. वाहण्याची सांगा."

"ती दारावर लिहिलेली आहे."

"ती कमी आहे."

"हो," बाई सहानुभूतीने म्हणाल्या. "दारावरची नेहमी कमीच असते."

"मागे जाड स्प्रिंगा बसवल्या तर?"

"गाडी छान सरळ दिसेल, सर. पट्टी तीच राहील."

मग त्याने शाळकरी वही काढली आणि पहिल्या पानावर मर्यादा लिहिली: भरलेली गाडी, नऊ हजार नऊशे. खाली रिकामी गाडी, सात हजार चारशे ऐंशी. मग सामान. लोखंडी बैठक, एकशे ऐंशी. हत्यारांची पेटी, साठ. बस्टर, साठ. लाइल, दोनशे वीस. डॉक्टरांकडे तो दोनशे एकतीस भरला होता, पण त्या काट्यावर कोणाचा शिक्का आहे हे डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं. मग त्याने लिहिलं: आर्लिस. आणि पेन्सिल थांबली.

संबंध जिल्ह्याचं वजन या माणसाने केलं होतं. ट्रक, ट्रॅक्टर, एकदा तर चर्चची घंटा. पण आपल्या बायकोचं वजन किती हे त्याला ठाऊक नव्हतं. ते विचारायचं कसं, हेही ठाऊक नव्हतं. बेचाळीस वर्षं टिकलेल्या लग्नात असे एकदोन प्रश्न न विचारलेलेच असतात. त्यावरच तर लग्न उभं असतं.

तेव्हा मंगळवारी सकाळी तो म्हणाला, "चल, कोठारापर्यंत जाऊन येऊ. टॉन्याला मका कसा आलाय विचारतो."

टॉन्या आता त्याच्या खुर्चीत बसत होती. पस्तिशीची बाई, दोन मुलांची आई, आणि लाइलने स्वतः शिकवलेली. त्याने पिकअप काट्यावर घातली, खिडकीकडे बघून दोन बोटं वर केली, आणि आर्लिसला म्हणाला, "जरा आतून माझ्यासाठी सरबताची बाटली आणतेस?" आर्लिस उतरून आत गेली. लाइलने एक बोट वर केलं. आर्लिस बाटली घेऊन परत आली तोवर काम फत्ते झालं होतं. निघताना टॉन्याने पावती घडी घालून त्याच्या हातात दिली. तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"मिस्टर वोंद्रा, मशीन माल लिहिल्याशिवाय पावती देत नाही. तुम्हाला माहीतच आहे."

"मग?"

"जे हाताला लागलं ते दाबलं."

घरी येऊन त्याने गॅरेजमध्ये पावती उघडली. माल: सोयाबीन. निव्वळ वजन: एकशे साठ. ओलावा: तेरा टक्के. प्रत: उत्तम. त्याने आकडा वहीत उतरवला आणि पावती त्याच पानात ठेवून दिली. फाडायला हवी होती. पण एकतीस वर्षांत ज्याने एक पावती फाडली नाही तो ही कशी फाडणार?

दुसऱ्या दिवशी सगळा जामानिमा जोडून त्याने काट्यावर नेला, फक्त पिकअपची चाकं काट्यावर ठेवून. ट्रेलर पाणी, पांघरुणं, भांडी, बरण्या यांच्यासकट भरलेला. टॉन्याने खिडकीच्या काचेला आकडा लावून दाखवला. दहा हजार दोनशे ऐंशी.

तीनशे ऐंशी पौंड जास्त.

ड्वेन तिथे खताची पिशवी घ्यायला आला होता, म्हणजे असं तो म्हणाला.  आपल्या ट्रकमधून फावडं काढून त्याने काट्याच्या कठड्याला टेकवून ठेवलं.

त्यानंतरचे दिवस काटछाटीचे. हत्यारांची पेटी गेली. आर्लिसने मागच्या स्वयंपाकघरातून बिटाच्या लोणच्याच्या आणि आंबवलेल्या कोबीच्या बरण्या काढल्या, जड तवे काढले, पिठाचा डबा काढला. अडीचशे पौंडांच्या जवळपास माल तळघरात परत गेला. "तिथे दुकानं असतील," ती म्हणाली, पण प्रत्येक बरणीला जिन्यावरून खाली नेताना ती तिच्याशी काहीतरी बोलत होती. तीस ऑगस्टला निघायचं ठरलं होतं आणि हातात नऊ दिवस होते.

बरण्या मोजून लिहायला म्हणून तिने लाइलची वही उघडली.

लाइल बाहेर टायरमधली हवा बघत होता. आत आला तेव्हा आर्लिस टेबलाशी बसली होती, समोर पावती. तिने चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"लाइल."

"हं."

"ओलाव्याबद्दल किती कापलंस?"

लाइलने पुष्कळ विचार केला. खरं उत्तर होतं की तेरा टक्क्यांना कोठार काही कापत नाही, तेरा अगदी योग्य असतो. ते त्याने सांगितलं. सांगायला नको होतं.

दोन दिवस त्या घरात फक्त बस्टरशी बोलणं झालं. "बस्टर, त्याला सांग जेवण वाढलंय." "बस्टर, तिला म्हणावं प्रत उत्तम लिहिलीय, ते पण वाच." दुपारची कॉफी आर्लिस स्वयंपाकघरात पीत होती आणि ट्रेलरमध्ये लाइल एकटाच. वारा यायचा, मका सळसळायचा. त्याला पेंग यायची आणि पेंगेत त्याला दिसायचं की आपण काट्याच्या खिडकीत बसलोय आणि बाहेर ट्रकांच्या जागी लाटा रांगेने उभ्या आहेत. एकेक लाट काट्यावर येते, थांबते, आणि तो काचेतून म्हणतो, जास्त आहे, थोडं उपसा. लाटा शांतपणे मागे जातात. जागा झाला की त्याला वाटायचं, आपण तिचा समुद्र परत पाठवतोय.

तिसऱ्या दिवशी दुसरं वजन होतं. आर्लिस गाडीत बसली, खिडकीबाहेर बघत. कोठाराशी ड्वेन होता. आज तो खताची पिशवी परत करायला आला होता. आकडा आला: दहा हजार तीनशे वीस.

पेटी काढली, बरण्या काढल्या, पीठ काढलं, आणि वजन चाळीस पौंडांनी वाढलं.

लाइलने खिडकीपाशी जाऊन स्वतः आकडा पाहिला. काट्याला टिचकी मारायचा त्याला मोह झाला, पण त्याने ती इतरांना कधी मारू दिली नव्हती.

"मागचं काढलंस ना तू?" ड्वेन म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, जाणकाराची दया होती, आणि ती जास्त लागली. "सी-सॉवर बसला नाहीस का लहानपणी? चाकांच्या मागे बरण्या बसल्या होत्या. त्या शेपूट खाली दाबत होत्या म्हणून मान जरा वर होती. बरण्या उतरल्या, मान आली तुझ्या पाठीवर."

गाडीतून आर्लिसचा आवाज आला. अडीच दिवसांत ती पहिल्यांदा थेट बोलली. "म्हणजे माझ्या बरण्या मदत करत होत्या?"

"हो, आर्लिस."

"ऐकलंस, बस्टर?" ती म्हणाली.

संध्याकाळी बरण्या परत चढल्या. तव्यांसकट. आर्लिस गुणगुणत होती. पण हिशेब सुटला नव्हता: दहा हजार दोनशे वीस, मर्यादेवर तीनशे वीस. लाइल पायरीवर बसला आणि म्हणाला, "मी त्या तळाला फोन करून जागा सोडतो. पुढल्या वर्षी मोठी गाडी बघू."

 आर्लिस पाण्याची नळी शोधत ट्रेलरच्या पुढच्या टोकाला गेली, जिथे मानेच्या पोटात खालून उघडणारा एक कप्पा होता. फळी वर गेल्याचा आवाज आला. 

"लाइल, इकडे ये जरा."

कप्प्यात, जुन्या रजईवर, दहा लोखंडी वजनं दोन रांगांत मांडलेली होती. काळी, तेल पुसलेली, प्रत्येकावर सरकारी शिक्का आणि नंबर. काटा बरोबर आहे की नाही ते वर्षातून एकदा ज्यांनी तपासायचं ती ही वजनं. नवी आली तेव्हा जुनी दहा कोठाराने निवृत्तीची भेट म्हणून लाइलला दिली होती. ट्रेलर आला त्याच दिवशी त्याने ती तिथे ठेवली होती. घरात बाकी जागा नव्हती का? होती. पण घर कुठे जाणार नव्हतं.

"ही किती पौंडांची?"

"पन्नास."

"प्रत्येकी?"

"प्रत्येकी."

"म्हणजे पाचशे. अगदी मानेखाली." आर्लिसने वही पुढे केली. "यात कुत्रा आहे. यात मी आहे, सोयाबीनमध्ये. ही कुठे लिहिलीस?"

लाइलने वही घेतली, पानं चाळली, जणू सापडतीलच. मग तो खरोखर गोंधळून म्हणाला, "वजनं लिहायची नसतात, आर्लिस. ती वजनं आहेत. त्यांनी मोजायचं असतं."

तो लबाडी करत नव्हता. एकतीस वर्षं ही दहा वजनं काट्यावर चढायची ती काट्याचं चुकलंय का बघायला. त्यांचं वजन कोणी कधी केलं नव्हतं. राजाने करवसुलीच्या यादीत स्वतःचं नाव शोधावं तसा तो त्या पानाकडे बघत होता. आर्लिसला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा पाहून तिने ते बरणीचं झाकण लावावं तसं घट्ट बंद केलं.

"काढायला लागतील," ती म्हणाली.

"हो."

"तू आत जा. मी ड्वेनला बोलावते."

तो आत गेला. खिडकीतून त्याने पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माल उतरताना त्याने मोजला नाही. नंतर गॅरेजमध्ये ताडपत्री झाकलेला एक ढीग दिसला, तिच्या कडा ड्वेनने विटांनी दाबल्या होत्या. लाइलने ताडपत्री उचलली नाही.

तीस तारखेच्या सकाळी शेवटचं वजन. निघताना वाटेतच कोठार होतं. लाइलने वहीत आधीच लिहून ठेवलं होतं: नऊ हजार आठशे. काटा म्हणाला, नऊ हजार आठशे चाळीस.

मर्यादेच्या साठ पौंड आत. ड्वेनने आपलं फावडं उचलून खांद्यावर घेतलं, टोपीला हात लावला, आणि पंचवीस वर्षांनी ते साठ पौंड परत केले. आर्लिस उतरून खिडकीपाशी टॉन्याशी काही कुजबुजली, टॉन्या हसली, पावती आर्लिसच्या पर्समध्ये गेली. आनंदाचाच प्रसंग होता.

पण चाळीस पौंड कुठले?

वायोमिंग येईपर्यंत लाइलने मनात तीनदा बेरीज केली. मग म्हणाला, "टाकीत डिझेल काठोकाठ होतं, ते धरलंय मी." आयडाहोत, बटाट्याच्या शेतांमधून जाताना: "बस्टरने सकाळी किती खाल्लं?" आर्लिस म्हणाली, नेहमीइतकंच. डोंगर आले, उतार आले, ट्रेलर मागे पाळलेल्या ढगासारखा तरंगत आला, रस्त्याकडेला पाइनची झाडं अर्धवट झोपेत उभी होती, आणि लाइल आपल्या चाळीस पौंडांत होता. काटा वीसचाच, म्हणजे खरा आकडा तीस ते पन्नासच्या मधला काहीतरी. "माझं वाढलं असेल का?" त्याने एका पेट्रोल पंपावर विचारलं. आर्लिसने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "प्रत उत्तमच आहे," ती म्हणाली.

चौथ्या तारखेला दुपारी ते एकेचाळीस नंबरच्या जागेत शिरले. झाडांची ओळ संपली आणि समोर काहीच नव्हतं. म्हणजे पाणी होतं, पण त्याला कुठे कडच नव्हती, त्यामुळे डोळ्यांना ते पाणी आहे हे कळायला जरा वेळ लागला. आर्लिस गाडीतून उतरली आणि हात न हलवता उभी राहिली. लाइलने तिला हाक मारली नाही. तो मागे फिरून टेबल मांडू लागला.

वारा मोठा होता. टेबलावरचा कपडा त्याने दोनदा पसरला, दोनदा तो उडाला. बिटाची बरणी ठेवली तर बरणीसकट सरकला.

"काहीतरी जड हवं होतं," तो म्हणाला.

आर्लिसने वळून पाहिलं नाही. "माझ्या सीटखाली बघ. टॉवेलमध्ये."

त्याने बघितलं. टॉवेल उलगडला. काळं लोखंड, सरकारी शिक्का, नंबर सात. त्याने ते दोन्ही हातांत तोलून धरलं. हात त्याचे होते, त्यांना आकडा विचारावा लागला नाही.

"पन्नास," तो म्हणाला. "चाळीस नव्हेत."

"वीसच्या काट्यावर तेवढंच दिसणार."

"तू मोजलंस हे?"

तिने पर्समधून पावती काढून त्याच्यापुढे धरली. वाऱ्यात ती फडफडत होती, पण माल काय लिहिलाय ते त्याला स्पष्ट वाचता आलं. सोयाबीन. लाइलने पावती घडी करून खिशात ठेवली, वजन कपड्याच्या मधोमध ठेवलं. कपडा राहिला.

मग दोघं खुर्च्यांवर बसली. बस्टर टेबलाच्या पायाला टेकून झोपला. आर्लिसने डोळे मिटले.

"सांग," ती म्हणाली. "मक्यासारखाच आहे का?"

लाइलनेही डोळे मिटले आणि नीट ऐकलं. घाई न करता, काटा स्थिर होईपर्यंत थांबावं तसा तो थांबला.

"तसाच आहे," तो म्हणाला. "फक्त ओलावा जास्त आहे."